दोन पट्ट्या कमी

यंदाच्या चैत्रात आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर बोलायला लागला.

हा अकोल्याच्या दुकानातला शब्द आहे. ट्रान्सफॉर्मरमधून भुणभुण ऐकू आली की तिथले कारागीर म्हणत, "हा बोलते." न बोलणारा तो चांगला. आमचे हे त्या दुकानात वीस-बावीस वर्षं वाइंडिंगचं काम करत होते, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी करायचं. गिऱ्हाइकं मालकाला सांगायची, त्याच मिस्त्रीच्या हातचा द्या, त्याचा बोलत नाही. आणि यांनी आमच्या स्वतःच्या घरासाठी बनवलेला डबा आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत होता, आणि यांनाच ते ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नव्हतं हे मला कळायला मात्र चार-पाच दिवस लागले.

मी चौथी शिकलेली बाई. सूनबाईच्या जुन्या वहीची कोरी पानं उरली होती, त्यावर दुपारी लिहिते. कोणाला दाखवायचं नाही, म्हणून जमतं.

आता आम्ही अमरावतीला मुलाच्या घरी राहतो. मुलगा नोकरीला सेमाडोहकडे असतो, शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जातो. आठवडाभर घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि सूनबाई. सूनबाई घरूनच एका ऑफिसचं काम करते, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लावून, कानाला यंत्र अडकवून. फ्रिजही त्याच खोलीत आहे आणि फ्रिजच्या वरच्या फळीवर तो निळा डबा, पुढे काट्याचं मीटर असलेला. गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू झाले की मीटरचा काटा खाली पडतो, आत खट्ट असा आवाज होतो आणि फ्रिज चालू राहतो. तो खट्ट आवाज आमच्या घरात घड्याळाच्या टोल्यासारखा आहे, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण ही भुणभुण नवी होती. पातेल्यात अडकलेल्या भुंग्यासारखी. मधूनच खरखर करायची.

एक दिवस जेवताना सूनबाईनं विषय काढला.

"बाबा, याचा काही बंदोबस्त करा ना. काल ऑफिसातल्या मॅडम विचारत होत्या, तुमच्या घरी पीठगिरणी आहे का म्हणून."

"काहाचा बंदोबस्त?"

"स्टॅबिलायझरचा. आवाज येऊन राहिला ना त्याचा."

"आवाज? त्याले?" हे हसले. "तो माह्या हातचा हाय, पोरी."

"म्हणूनच तुम्हाला सांगून राहिली. दुसऱ्याच्या हातचा असता तर कधीच फेकला असता."

"तुह्या त्या काम्पुटरचाच असन तो आवाज," हे म्हणाले आणि वरण मागितलं.

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढलं. मला वाटलं, स्वतःच्या कामाला कोणी नाव ठेवलं की कारागीर असाच आडमुठा होतो. यांचा तो स्वभावच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई आंघोळीला गेली होती. मी फ्रिजमधून ताक काढायला आले तर हे स्टुलावर उभे. हातात त्यांचा लाकडी मुठीचा जुना पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक डब्यावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. अकोल्यात ते रोज असंच करायचे. तेवढ्यानं त्यांना सगळं समजायचं, पट्टी सैल आहे की नट ढिला आहे की नुसता पत्रा थरथरतो आहे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं.

फळीवर डब्याशेजारी एक स्टीलचं फुलपात्र होतं. ते थरथरून किणकिणत होतं. मला दारातून ऐकू येत होतं.

हे बराच वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "काईच नाही. शांत हाय."

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. त्यांना मी आलेली माहीतच नव्हतं. स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी पेचकस खाली घेतला आणि डब्यावर तळहात ठेवला. लगेच उचलला. परत ठेवला. हाताला थरथर लागत होती आणि कानाला काही लागत नव्हतं, आणि दोघांपैकी खरं कोणाचं मानावं हे त्यांना कळत नव्हतं. हट्टी माणसाचा चेहरा मी चाळीस वर्षं पाहिला आहे. हा तो चेहरा नव्हता.

मी ताक न घेताच आत गेले.

ओट्याशी उभी राहिले तेव्हा मागचं एकेक आठवायला लागलं. वर्षभरापासून हे माझ्या प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होते. भाजी कोणती करू, हो. ताईकडे जाऊन येऊ का, हो. म्हातारपणी माणूस शांत झाला म्हणून मी मनात खूश होते. माझा आवाज आधीच बारीक. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिचं बोलणं हिच्या पदरालाच ऐकू जाते. तर यांना मी काय विचारते आहे ते ऐकूच येत नव्हतं, आणि मी आपली समजूतदारपणा समजत होते.

या माणसाची सगळी पत त्याच्या कानावर होती. शाळा यांचीही फार झाली नाही. कागदावरचं गणित दुकानातले दुसरे करायचे, तार किती जाडीची, वेढे किती. पण बनून झालेला ट्रान्सफॉर्मर पास की नापास, हे हे कानानं सांगायचे, आणि मालकसुद्धा त्यावर बोलायचा नाही. आता शनिवारी मुलगा येणार, आवाज ऐकणार, डबा काढणार आणि सगळ्यांसमोर बापाला म्हणणार, बाबा एवढा आवाज होते, तुम्हाला ऐकू नाही येत? मुलगा वाईट नाही. सहज म्हणेल. पण ते असं चारचौघांत, त्यांच्याच हातच्या डब्यावरून त्यांना कळू नये, एवढंच मला वाटत होतं. कसं करायचं ते सुचत नव्हतं.

त्या दोन-तीन दिवसांत मला अकोल्याची फार आठवण आली.

आम्ही तिथे जुन्या शहरात दोन खोल्यांत राहायचो. वर मालकिणीची गच्ची. तेव्हा संध्याकाळ झाली की विजेचा दाब असा पडायचा की बल्ब हळदीच्या रंगाचा व्हायचा आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आवळून मध्ये जायचं. त्यामुळे स्टॅबिलायझरला फार मागणी. लग्नात आंदणात टीव्ही दिला की सोबत स्टॅबिलायझर द्यावाच लागायचा. लोक बंद पडलेले डबे सायकलला बांधून मूर्तिजापूरकडून यायचे.

दुकानात जागा कमी, म्हणून हे गुंडाळलेल्या कॉइली थैलीत घालून घरी आणायचे आणि पट्ट्या भरायचं काम मी करायची. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात. एक पट्टी तीन दात्यांच्या फणीसारखी, दुसरी सरळ, फणीच्या तोंडाशी बसणारी. फणीचा मधला दाता कॉइलच्या मधल्या भोकात घालायचा. एक फणी उजवीकडून, एक डावीकडून, परत उजवीकडून, अशा शेकड्यानं. आधी भराभर जातात. भोक भरत आलं की जोर लावावा लागतो. शेवटच्या चार-सहा पट्ट्या तर लाकडी मोगरीनं ठोकूनच बसवायच्या. मग चार कोपऱ्यांना बोल्ट आवळायचे, सगळं वार्निशात बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं.

दुपारी दार लावून मी खाली चटईवर बसायची. मांडीवर जुनं लुगडं, कारण पट्ट्यांना तेल असायचं. बोटं काळी व्हायची, ती ज्वारीच्या पिठानं चोळून धुवायची. पट्टीच्या कडेनं बोट कापलं तर कळायचंही नाही, मग भाजीत मीठ टाकताना चरचरायचं. पण मला ते काम आवडायचं. कोणाशी बोलावं लागत नाही. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडलेला, कुठे तरी लांब जिनिंगचा भोंगा, आणि आत टक् टक् करत फणीवर फणी बसते आहे. शाळेत मी पाढे म्हणायची तसं मनात मोजायची. माझी चौथी तिथेच कामी आली.

वैशाखात गच्चीवर मालकिणीच्या कुरडया आणि सरगुंड्यांचं वाळवण एका खाटेवर, आणि दुसऱ्या खाटेवर आमचे वार्निश लावलेले ट्रान्सफॉर्मर. मालकीण वर चढता चढताच बोलायला सुरुवात करायची.

"काहून वं, तुह्या डब्ब्याइचा वास माह्या कुरडयाइले लागते ना. मांगच्या साली व्याही जेवले अन् म्हने कसे, कुरडई रंगवली का?"

मी नुसती हसायची आणि आमची खाट थोडी सरकवायची. थोडीच, कारण सावली आली की वार्निश चिकट राहतं. ती गेली की परत उन्हात ओढायची. तिला ते माहीत होतं. तरी ती पहिली ताटली भरून कुरडया आमच्याकडेच पाठवायची, वर निरोप, रंग लागला का पाहून सांग म्हणा.

गिऱ्हाईक घरी आलं की मी पडद्याआड जायची. त्यामुळे पट्ट्या मी भरते हे कोणाला ठाऊक नव्हतं. मिस्त्री सगळं करतो असंच लोकांना वाटायचं आणि मला ते बरं होतं.

आता जे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं ते लिहिते.

काम शिकले त्या पहिल्या वर्षीच माझ्या हातून एक कॉइल गेली. शेवटची पट्टी मी मोगरीनं ठोकली आणि ती तिरपी घुसली. कोपऱ्यानं आतला कागद फाटला आणि तार कापली गेली. वरून काही दिसत नव्हतं. संध्याकाळी यांनी ती तपासायच्या बोर्डाला लावली, बल्ब लागला नाही. मी काय केलं ते यांना लगेच समजलं. रागावले असते तर मला चाललं असतं. पण त्यांनी नुसता पेचकस घेतला. पट्ट्या सगळ्या काढल्या आणि ती तार वेढा वेढा करून उलटी सोडवत बसले. तीन दिवसांची गुंडाळी होती ती. मी समोर बसून बघत होते. तेव्हापासून भोक घट्ट भरलं की माझा हात थांबायचा. मोगरी उचलायची आणि खाली ठेवायची. शेवटच्या दोन पट्ट्या मी घालायचीच नाही. बोल्ट घट्ट आवळून द्यायची. उरलेल्या पट्ट्या कुठे तरी खपवायची. एक तव्यावरचं जळकं खरवडायला, एक दोन खिडकीच्या फटीत, बाकी भंगारवाल्याच्या पोत्यात.

ते कधी पकडलं गेलं नाही. वार्निश आत जाऊन मोकळी जागा भरून काढायचं. संध्याकाळी हे सगळे ट्रान्सफॉर्मर ओळीनं मांडून एकेकाला पेचकस लावायचे, कान द्यायचे आणि खडूनं टिकली करायचे. माझ्या जिवात जीव यायचा. एकही बोलला नाही. मग मलाही वाटायला लागलं, दोन पट्ट्यांनी काही होत नाही.

घरी पहिला फ्रिज आला तेव्हा हा निळा डबा यांनी बनवला. त्याच्या पट्ट्याही मीच भरल्या, आणि घरचाच आहे म्हणून तर जास्तच जपून भरल्या. म्हणजे दोन कमीच.

अशीच एका संध्याकाळी ओट्याशी उभी होते तेव्हा हे सगळं लख्ख समोर आलं. इतकी वर्षं वार्निशानं जे धरून ठेवलं होतं ते आता वाळून तडकलं असेल. पट्ट्या मोकळ्या झाल्या असतील. ही खरखर माझीच होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. पण बोलायचं कसं? हे बोलणं म्हणजे यांच्या नावावरच्या सगळ्या डब्यांना हात लावणं. आणि मला तर दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणायलाही दोनदा मनात म्हणून बघावं लागतं.

शुक्रवारी चार वाजता आम्ही चहा घेत होतो. डबा भुणभुणत होता. सूनबाईचा फोन वाजला, मुलगा होता. बोलून झाल्यावर ती यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, त्यांनी परतवाड्यातून नवा स्टॅबिलायझर घेतला. उद्या आले की हा काढून तो लावतो म्हणे."

हे तिच्या तोंडाकडे बघत होते. आता मला कळलं होतं, ते ओठ बघत होते.

"काहून? हा चांगला हाय ना."

"आवाज येतो ना बाबा त्याचा."

"कुठं आवाज हाय त्याले? मी सोता पेचकस लावून पाह्यला."

"बाबा, तुम्हाला खरंच ऐकू—"

"आवाज हाय," मी म्हणाले.

एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सूनबाईच्या कपातला चहा हिंदकळला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्या समोर जाऊन बसले, तोंडासमोर तोंड करून.

"आवाज हाय त्याले, अजी. माह्यानं हाय. पट्ट्या कमी हायेत त्याच्यात."

"काय कमी हाय?"

"पट्ट्या. मी शेवटच्या दोन घालतच नव्हती."

यांनी कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"ती कॉइल कटली होती ना माह्या हातून. तवापासून."

"सगळ्याइत?"

"सगळ्याइत नाही. जे घट्ट येत होते त्याइत."

"मंजे सगळ्याइतच."

मी मान डोलावली.

"अन् मी लोकाइले सांगत होतो का माह्या हातचा बोलत नाही मनून."

"तवा कुठं बोलले ते."

"तवा वार्निशानं धरून ठेवलं, बाई. वार्निश काय जल्मभर धरते? तडकलं असन आता. पट्ट्या मोकळ्या झाल्या असन. मी तुले किती खेपा सांगितलं होतं, ठोक मनून?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"भेव वाटे."

"भेव वाटे," हे माझ्यासारखाच बारीक आवाज काढून म्हणाले. चेहरा लाल झाला होता. कितीतरी वर्षांनी यांना माझ्यावर असं चिडलेलं पाहिलं. मी मान खाली घालून बसले होते, पण मला वाईट वाटत नव्हतं. चाळीस वर्षं पाहिलेला माझाच माणूस परत समोर येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

मग हे सूनबाईकडे वळले. "पाह्य सूनबाई, हे असं हाय. म्हणून आवाज येते त्याचा. डब्याचा दोष नाही, वाइंडिंगचाही नाही. भराई कमी हाय."

आवाज येतो हे त्यांनी कबूल केलं होतं. कोणाला ऐकू येतो आणि कोणाला नाही, हा प्रश्नच उरला नव्हता.

सूनबाईनं एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती हुशार आहे. अर्धं राहिलेलं वाक्य तिनं गिळून टाकलं आणि म्हणाली, "मग होईल का बाबा दुरुस्त?"

"होईन नाही तर काय. आन तो स्टूल."

बटण बंद करून डबा खाली काढला, चटईवर ठेवला. यांनी झाकण उघडलं आणि आत बघितल्याबरोबर बोट लावून मला दाखवलं. पट्ट्यांचा गठ्ठा आणि कॉइल यांच्यामध्ये एक बारीक फट होती. वार्निशाचे तुकडे खपल्यांसारखे पडले होते. "दिसली का तुही करामत?" हे म्हणाले. मी म्हणाले, दिसली.

एवढ्या जुन्या मापाच्या पट्ट्या आता कुठे मिळणार. यांनी जुन्या झाडूच्या बांबूतून कामटी फोडली, चाकूनं तासून पातळ पाचर केली आणि फटीत सरकवली. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती, पण घाई नव्हती. मी गठ्ठा दोन्ही हातांनी धरून होते. पाचर हलके ठोकायची वेळ आली तेव्हा यांनी हातोडी माझ्यापुढे धरली.

"ठोक."

"तुमीच ठोका."

"ठोक मनलं ना. तुह्या दोन पट्ट्या बाकी हायेत."

सूनबाई तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी ठोकलं. काही फाटलं नाही. मग यांनी बोल्ट आवळले आणि स्वतः वलगाव रोडवरच्या दुकानात जाऊन वार्निश घेऊन आले.

शनिवारी मुलगा नवा डबा घेऊन आला तेव्हा जुन्याचं पोट गच्चीवर उन्हात वाळत होतं. हे मुलाला दारातच म्हणाले, "तुह्या मायचा प्रताप पाहाले वर जाय." मुलानं वर जाऊन पाहिलं, खाली आला आणि मला म्हणाला, "आई, तू स्टॅबिलायझर बनवत होती?" मी म्हणाले, पट्ट्या भरत होते. त्याला आठवत होतं म्हणे, मी मांडीवर लुगडं घेऊन काही तरी काळं काळं करत बसायची. त्याला वाटायचं मी भांडी घासते.

दोन दिवस फ्रिज नव्या डब्यावर चालला. सोमवारी मुलगा गेल्यावर यांनी जुना परत लावला, नवा कूलरला दिला. बटण दाबलं. आम्ही तिघं उभे होतो. यांनी पेचकस घेतला नाही. सूनबाईकडे बघून विचारलं, "कसं?"

"एकदम शांत, बाबा."

मग माझ्याकडे बघितलं. "तू सांग."

खोटं सांगणं मला जमलं नसतं. "थोडा बोलते," मी मोठ्यानं म्हणाले. "पन खरखर गेली."

"थोडा तर बोलनच. लोखंड हाय ते," हे म्हणाले आणि डब्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. या वेळी हात लगेच उचलला नाही.

सूनबाई संध्याकाळी भाजी निवडताना हळूच म्हणाली, "आई, बाबांना कानाच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल ना?"

"न्यावं लागन."

"कोण सांगेल त्यांना?"

"तेच म्हणतील," मी म्हणाले. "थोडे दिवस जाऊ दे."

त्यानंतर घरी जो येईल त्याला हे ती गोष्ट सांगतात. व्याही आले त्यांना सांगितली, गॅसवाल्याला सांगितली. डब्याकडे बोट दाखवून, हातवारे करून, भेव वाटे म्हणे असा माझा बारीक आवाज काढून. मी आत चहा करत असते. मला आत बसूनही लाज वाटते, कान गरम होतात. पण व्याही म्हणाले, "मंजे अकोल्याचे ते डब्बे तुमी दोघं बनवत होते तर." यांनी "हो तर" म्हटलं. मी गॅस बारीक केला.

परवा दुपारी हे जेवून उठले आणि हात धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तू मोठ्यानं बोलली ते बरं झालं. तसंच बोलत जाय. मले बरं पडते."

"हो," मी म्हणाले. मग आठवलं, आणि परत मोठ्यानं म्हणाले, "हो."

डॉक्टरचा विषय अजून निघालेला नाही. तोही निघेल. तोवर मी यांच्या समोर जाऊन, तोंडाकडे बघून, मोठ्यानं बोलते. भाजी कोणती करू विचारलं की आता हे नुसतं हो म्हणत नाहीत, वांगी नको म्हणतात. पलीकडच्या बाईनं काल सूनबाईला गेटपाशी थांबवून विचारलं, तुझ्या सासू-सासऱ्यांचं काही बिनसलं का गं, दोन आठवडे झाले रोज भांडण ऐकू येतं.